घरच्या घरी सँडब्लास्टिंगची पेटी: बांधणी आणि वापर

बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरची रिम पत्र्याच्या दोन वाट्या बोल्टांनी जोडून केलेली असते आणि तिचा गंज नेमका जोडाच्या काठाला, बोल्टांच्या भोकांभोवती आणि आतल्या वळणात बसलेला असतो. तारेचा ब्रश तिथे पोहोचत नाही, पॉलिश पेपरने बोटे सोलतात आणि रसायनात बुडवल्यास ते जोडात राहून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज आणते. हेच काम ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या जोरदार झोतातून कठीण कणांचा मारा करून, काही मिनिटांत होते. बाहेर ब्लास्टिंग करून देणारे कारखाने असतात, परंतु त्यांची नेहमीची कामे पुलांच्या तुळया, टाक्या आणि शेडच्या सांगाड्यांची असल्यामुळे ते जाड ग्रिट (मारा करण्याचे कण) आणि मोठा दाब वापरतात. अशा ठिकाणी दिलेले नाजूक ॲल्युमिनियमचे झाकण खरखरीत होऊन परत येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून लहान सुट्या भागांपुरती स्वतःची पेटी, म्हणजे ज्याच्या आत हा मारा करायचा तो बंद खोका, करणे हौशी माणसालाही परवडते, मात्र पैसा कुठे घालायचा हे आधी ठरवावे लागते. पेटीचा खोका हा या कामातला सर्वांत सोपा आणि स्वस्त भाग आहे. कामाचा दर्जा ठरतो तो कोरड्या हवेवर आणि आपल्या फुप्फुसांचे भवितव्य ठरते ते धूळ ओढून घेण्याच्या सोयीवर.

प्रथम ‘सँड’, म्हणजे वाळू, या नावाविषयी. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० साली या पद्धतीचे पेटंट घेतले तेव्हा खरोखरच वाळू वापरली जात होती आणि नाव तेच चिकटले. आज मात्र या पेटीत वाळूची एक मूठही घालू नये. नदीच्या वाळूत आणि समुद्रकाठच्या पुळणीत क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिक सिलिकाचे प्रमाण मोठे असते. धातूवर वेगाने आपटताच हे कण फुटतात आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारी धूळ तयार होते, जी फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाऊन तिथेच राहते. यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि तो झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोकाही वाढतो. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात हा अधिसूचित आजारांपैकी एक होता. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांमध्ये त्याने घातलेला धुमाकूळ वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेला आहे, तर तुर्कस्तानात जीन्सचे कापड जुनाट दिसावे म्हणून वाळूचा मारा करणारे तरुण कामगार याच आजाराने दगावू लागल्यावर २००९ साली त्या पद्धतीवर बंदी घालावी लागली. “पेटी बंद असते, मग वाळू चालेल” हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, पण पेटीचे दार दर दहा मिनिटांनी उघडावे लागते आणि घरगुती फिल्टर ही धूळ पूर्णपणे अडवतो याची खात्री देता येत नाही.

हवेचा हिशोब

दोन प्रकारच्या यंत्रणा असतात. प्रेशर पॉटमध्ये ग्रिट दाबाखालील टाकीतून ढकलले जाते, तर सक्शन गनमध्ये हवेच्या झोताने निर्माण झालेल्या ओढीमुळे ते नळीतून वर खेचले जाते. सक्शन गन हळू काम करते, परंतु तिच्यात दाबाखालची टाकी नसते, म्हणून घरी करण्यासाठी तीच योग्य आहे. जुन्या गॅस सिलिंडरपासून प्रेशर पॉट बनवण्याचा मोह टाळावा. तो फुटला तर सांगायला कोणी उरत नाही.

सक्शन गनमध्ये दोन भोके असतात: मागे हवा सोडणारा लहान जेट आणि पुढे हवा व ग्रिट एकत्र बाहेर फेकणारे सिरॅमिकचे नोझल. हवा किती खर्च होणार हे जेट ठरवतो. नोझलचा व्यास जेटच्या साधारण दुप्पट ठेवतात. गॅरेजच्या भाषेत ज्याला ८० पौंड म्हणतात त्या दाबाला, म्हणजे सुमारे साडेपाच बारला, २ मिमीच्या जेटमधून मिनिटाला सुमारे साडेआठ घनफूट, अडीच मिमीमधून १३ आणि ३ मिमीमधून १९ घनफूट हवा जाते. जेटचा व्यास दीडपट झाला की हवा सव्वादोनपट लागते, हे लक्षात न घेता मोठे नोझल विकत घेणारे पुष्कळ आहेत.

आता कॉम्प्रेसरकडे पाहू. एका अश्वशक्तीमागे कामाच्या दाबाला ३ ते ४ घनफूट हवा मिळते असे ढोबळमानाने धरावे. कॉम्प्रेसरच्या पाटीवर पुष्कळदा याहून मोठा आकडा असतो, पण तो पिस्टनने घेतलेल्या जागेचा असतो, प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेचा नसतो. विकत घेताना प्रत्यक्ष मिळणारी हवा विचारावी. दोन अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरवर २ मिमीचा जेट आणि ४ मिमीचे नोझल थांबत थांबत चालते, तीन अश्वशक्तीवर ते आरामात चालते. अडीच मिमीचा जेट सलग चालवायचा असेल तर पाच अश्वशक्ती आणि बहुधा थ्री फेज वीजजोडणी लागेल. तीन अश्वशक्तीची मोटर सिंगल फेजवर सुरू होताना बराच जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे तिला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. घरातल्या इस्त्रीच्या प्लगावर ती लावू नये.

टाकी मोठी घेतली की लहान कॉम्प्रेसर चालून जाईल, हा आणखी एक गैरसमज आहे. १०० लिटरची टाकी ८ बारवरून साडेपाच बारवर येईपर्यंत २५० लिटर मोकळी हवा देते, म्हणजे जवळपास ९ घनफूट. २ मिमीच्या जेटला ती एक मिनिट पुरते. टाकी फक्त चढउतार सांभाळते, हवा ती निर्माण करत नाही.

याहून त्रासदायक आहे ते पाणी. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा साडेपाच बारवर दाबून पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड केली की मूळच्या घनमीटरमागे पाचएक ग्रॅम बाष्पच तिच्यात मावते आणि उरलेले पाणी होते. मिनिटाला १० घनफूट, म्हणजे तासाला १७ घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर अशा दिवशी तासाभरात ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी गाळतो. हे पाणी ग्रिटमध्ये गेले की त्याचे गोळे होतात, नळी तुंबते आणि कामाला सुरुवात होण्याआधीच संपूर्ण हॉपर, म्हणजे ग्रिट साठवणारे तळाचे नरसाळे, रिकामा करावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने तर या भागावर सर्वांत अधिक खर्च करावा.

उपाय साधा आहे, परंतु त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला लागूनच बसवला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होतो, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी अजून बाष्परूपातच असते. कॉम्प्रेसरनंतर सात-आठ मीटर जीआय किंवा तांब्याचा पाइप भिंतीवर खाली-वर असा फिरवावा, प्रत्येक खालच्या वळणाला एक निचऱ्याची तोटी ठेवावी, आणि हवा गार झाल्यानंतर सेपरेटर व प्रेशर रेग्युलेटर बसवावा. पाइप आणि रबरी नळीचा आतला व्यास निदान १० ते १२ मिमी असावा. बाजारात मिळणारी गुंडाळीची बारीक प्लास्टिक नळी टायरमध्ये हवा भरायला ठीक आहे, इथे ती दाब खाऊन टाकते. पाण्याच्या नळासाठीचा पीव्हीसी पाइप मात्र दाबाच्या हवेसाठी कधीही वापरू नये. तो तडकला की त्याचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

खोका

पत्र्याची पेटी फॅब्रिकेटरकडून करून घेता येते, पण १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूडची पेटी घरी करता येते, आवाज कमी करते आणि पुढे एखादे भोक चुकले तर बुजवताही येते. आठ फूट बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये सर्व भाग बसतात. दोन्ही बाजूंच्या फळ्या ६०० बाय ६०० मिमी कापाव्यात आणि त्यांचा पुढचा वरचा कोपरा दोन्ही दिशांनी २५० मिमी घेऊन तिरका उडवावा. मग मागची फळी ९०० बाय ६००, पुढची उभी फळी ९०० बाय ३५०, काचेची तिरकी फळी ९०० बाय ३५५ आणि छत ९०० बाय ३५० मिमी एवढे कापावे लागते. तिरक्या फळीच्या कडा साधारण २२ अंशांनी तासून घ्याव्यात. ते जमले नाही तर आतून लाकडी पट्टी मारून फट सिलिकॉन सीलंटने भरावी. स्क्रू दर १०० मिमीवर मारावेत आणि प्रत्येक जोडात सीलंट घालावा, कारण बारीक धुळीला सुई जाईल एवढी फटही पुरते.

दार समोर किंवा वर न ठेवता उजव्या बाजूच्या फळीत ठेवावे. वर उघडणाऱ्या झाकणाची कड धुळीने भरून राहते आणि उघडताना ती आपल्याच अंगावर येते. दाराच्या चौकटीला स्पंजची नव्हे तर रबराची पट्टी लावावी आणि ते ट्रंकेला असतात तशा ओढून बसणाऱ्या दोन कड्यांनी आवळावे.

तळाला फळी नसते, तिथे १८ गेजच्या जीआय पत्र्याचा चौकोनी नरसाळ्यासारखा हॉपर येतो. त्याच्या चारही बाजूंचा उतार ४५ अंशांपेक्षा कमी असू नये, अन्यथा ग्रिट कोपऱ्यात साचून राहते आणि दर दोन मिनिटांनी बाहेरून ठोकत बसावे लागते. लांबीच्या दिशेने हा उतार सांभाळायचा तर हॉपर बराच खोल होतो, म्हणून पेटीचे पाय कापण्याआधी त्याची उंची मोजावी आणि हातांची भोके उभे राहिल्यावर आपल्या कोपराच्या पातळीला येतील असे पाय ठेवावेत. ही एक गोष्ट चुकली तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. हॉपरच्या वर, पेटीच्या तळाशी अँगलच्या चौकटीवर जाड जाळी किंवा भोकांचा पत्रा टाकला की त्यावर काम ठेवता येते.

हातांच्या भोकांसाठी १६० मिमीचा, बाजारात सहा इंची म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप घेऊन त्याचे ७५ मिमी लांबीचे दोन तुकडे पुढच्या फळीत बसवावेत. त्यांच्या मध्यांतील अंतर ४०० ते ४५० मिमी, म्हणजे आपल्या खांद्यांच्या रुंदीइतके असावे. ६०० मिमी लांबीच्या रबरी हातमोज्यांचे तोंड या तुकड्यांवर आतून चढवून होज क्लिपने आवळावे.

खिडकीसाठी ॲक्रिलिक टाळावे. ते स्थिर विजेने धूळ ओढून घेते आणि दोन बैठकांत दुधाळ होते. बाहेरच्या बाजूला ६ मिमीची लॅमिनेटेड काच कायमची बसवावी आणि तिच्या आत, फ्रेममध्ये सरकवता येईल अशी, ३ मिमीची साधी काच ठेवावी. ही आतली काच झिजण्यासाठीच असते. तिच्यावर पारदर्शक पॉलिस्टरचा कागद चिकटवला तर ती आणखी टिकते. दिवा पेटीच्या आत लावू नये. छतात एक चौकोन कापून तिथे काच बसवावी आणि वर एलईडी ट्यूब ठेवावी, म्हणजे दिवा धुळीपासून वाचतो आणि विजेची तार पेटीत जात नाही.

गन, नळी आणि धूळ

गन साधी विकतची घ्यावी. ती घरी बनवण्यात वेळ जातो आणि जेट व नोझल एका रेषेत न आल्यास नोझल एका बाजूने झिजते. ग्रिट उचलणारी नळी मात्र स्वतः करावी लागते आणि बहुतेकांची पेटी इथेच अडते. नळीचे टोक ग्रिटमध्ये नुसते खुपसले तर ते दोन-चार सेकंद चालते आणि थांबते, कारण ग्रिट वाहून नेण्यासाठी त्याच्यासोबत हवाही आत यावी लागते. यासाठी २५ मिमी पाइपच्या आत १२ मिमीचा पाइप असा बसवावा की आतल्या पाइपचे टोक बाहेरच्याच्या खालच्या कडेपेक्षा सुमारे १० मिमी वर राहील, आणि बाहेरच्या पाइपचे वरचे तोंड ग्रिटच्या पातळीच्या वर उघडे राहील. दोन पाइपांमधल्या पोकळीतून हवा खाली येते आणि ग्रिटसह आतल्या पाइपातून वर जाते. वरच्या तोंडावर चिकटपट्टी अर्धवट लावून हवेचे प्रमाण कमी-जास्त करता येते. झोत धडधडत, खंड पडत येऊ लागला तर हवा कमी आहे, आणि झोत स्वच्छ पण निष्प्रभ असला तर ती जास्त आहे, असे समजावे.

गन हाताने दाबून धरण्यापेक्षा पायाने चालणारा व्हॉल्व्ह बसवल्यास बोटे मोकळी राहतात आणि पाय उचलताच हवा बंद होते. अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. कोरड्या हवेतून ग्रिट वाहताना स्थिर वीज साचते आणि मोज्यातूनही झटके बसतात. म्हणून गनच्या धातूच्या भागापासून, जाळीपासून आणि हॉपरपासून तांब्याची वेणीदार तार काढून ती अर्थिंगला जोडावी.

पेटीत गन जितकी हवा सोडते त्याहून अधिक हवा बाहेर ओढली गेली पाहिजे, तरच पेटीत किंचित निर्वात राहून धूळ फटींतून आत खेचली जाते, बाहेर येत नाही. वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर यासाठी पुरेसा असतो, परंतु तो थेट जोडल्यास त्याची पिशवी दहा मिनिटांत भरते. मध्ये रंगाच्या २० लिटर बादलीवर बसणारा सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ वेगळी पाडणारे नरसाळे, ठेवावा. जड धूळ बादलीत पडते आणि व्हॅक्यूमला फक्त बारीक धूळ मिळते, जिच्यासाठी त्यात हेपा फिल्टर असणे आवश्यक आहे. हवा ओढण्याचे तोंड पेटीच्या एका बाजूला वर आणि हवा आत येण्याचे भोक दुसऱ्या बाजूला ठेवावे, आणि दोन्हींसमोर पत्र्याचा आडोसा लावावा, नाहीतर चांगले ग्रिटही ओढले जाते. व्हॅक्यूमचा बाहेर जाणारा झोत खोलीत न सोडता पाइपने बाहेर न्यावा.

काम करताना

काय मारायचे हे कामावर ठरते. लोखंडी रिम, ब्रॅकेट, ब्रेकचे पेडल यांसाठी ८० मेशचा ब्राउन ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे सुमारे १८० मायक्रॉनचे कण, योग्य ठरतो. तो वेगाने कापतो, अनेक वेळा वापरता येतो आणि रंग धरण्यासाठी आवश्यक तो खरखरीतपणा ठेवतो. गार्नेटही चांगले काम देतो. ॲल्युमिनियमच्या कार्ब्युरेटरसाठी आणि झाकणांसाठी काचेचे मणी घ्यावेत, कारण ते कापत नाहीत, ठोकून पृष्ठभाग बंद आणि साटिनसारखा करतात. लोखंडावर वापरलेले ग्रिट ॲल्युमिनियमवर कधीही वापरू नये: लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे तिथे डाग पडतात, शिवाय गंजाची आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ एकत्र साचणे आगीच्या दृष्टीने धोकादायक आहे. धातू बदलताना पेटी, बादली आणि फिल्टर तिन्ही रिकामे करावेत. मॅग्नेशियमचे भाग या पेटीत आणूच नयेत.

भाग आधी रॉकेलने किंवा डिझेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. ग्रीस ब्लास्टिंगने निघत नाही; ते ग्रिटमध्ये मिसळते आणि नंतर प्रत्येक भागावर पसरते. बेअरिंगच्या जागा, आटे आणि मशीनिंग केलेले पृष्ठभाग जाड चिकटपट्टीने आणि रबरी बुचांनी झाकावेत. इंजिनच्या ज्या भागांत तेलाच्या वाहिन्या आहेत ते भाग शक्यतो पेटीत घालू नयेत. वाहिनीत अडकलेला एक कण इंजिन सुरू झाल्यावर बेअरिंग खाऊन टाकतो, आणि कितीही धुतले तरी तो निघाला याची खात्री देता येत नाही. हा मोह मलाही आवरला नव्हता, म्हणून इतके ठासून लिहीत आहे.

हॉपरमध्ये ८ ते १० किलो ग्रिट घालावे. दार आवळून व्हॅक्यूम आधी सुरू करावा, मग हवा सोडावी. लोखंडासाठी ७० ते ८० पौंड, काचेच्या मण्यांसाठी ४० ते ५० पौंड आणि पातळ पत्र्यासाठी त्याहूनही कमी दाब ठेवावा. गन कामापासून १०० ते १५० मिमी दूर आणि ४५ ते ६० अंशांत तिरकी धरावी, म्हणजे निघालेला गंज बाजूला उडतो आणि झोताच्या वाटेत येत नाही. समोरासमोर धरल्यास ग्रिट काचेवर परत येते. झोत एका जागी थांबवू नये; पत्रा गरम होण्यापेक्षा आघातानेच फुगतो आणि तो फुगवटा नंतर कोणत्याही हातोडीने बसत नाही. याच कारणाने पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड या पेटीत मावले तरी त्यांच्यावर जोर करू नये.

गन मध्येच बंद पडल्यास नोझलचे तोंड रबराच्या तुकड्यावर दाबून क्षणभर हवा सोडावी. हवा उलटी नळीतून जाऊन अडथळा हॉपरमध्ये ढकलते. काम संपल्यावर व्हॅक्यूम निदान एक-दोन मिनिटे चालू ठेवावा आणि मगच दार उघडावे. दार उघडताना, ग्रिट चाळताना आणि बादली रिकामी करताना एन-९५ मास्क किंवा त्याहून चांगला मास्क आणि चष्मा असावा. काम चालू असताना कानांत बोळेही घालावेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून तो धुरळा अंगणात किंवा परसात न फेकता बंद डब्यात साठवून घातक कचऱ्यासोबत द्यावा.

ब्लास्ट केलेले लोखंड अगदी उघडे असते. त्याला उघड्या हाताने स्पर्श केला तर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजाने उमटतात, आणि दमट हवेत तर काही तासांतच पृष्ठभाग तांबूस होतो. कोरड्या हवेने धूळ उडवून, थिनरने पुसून, त्याच दिवशी, आणि पावसाळ्यात त्याच तासात, प्रायमर मारावा.

ग्रिट वापरता वापरता बारीक होत जाते आणि काम मंदावते. पाच-सहा बैठकांनंतर ते अगदी बारीक जाळीच्या चाळणीने चाळून खाली पडलेले पीठ टाकून द्यावे आणि तेवढे नवे मिसळावे. रंगाच्या मोठ्या पापुद्र्यांसाठी मात्र पिठाची चाळणी आधी लावावी, अन्यथा तेच पापुद्रे नळी तुंबवतात. उरलेले ग्रिट पावसाळ्यात पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज खालच्या तोटीने सोडावे. सिरॅमिकचे नोझल काही तासांच्या वापरानंतर रुंदावते, झोत पसरतो आणि ग्रिटची ओढ कमी होते, पण हे इतके सावकाश घडते की डोळ्यांना कळत नाही. म्हणून ४ मिमीच्या नोझलजवळ पाच मिमीचा ड्रिल बिट टांगून ठेवावा आणि त्याची गुळगुळीत दांडी भोकात सहज जाऊ लागली की नोझल बदलावे.